पुठ्ठ्यातली तापी

गिरधर खोकेवाल्याला मंचावरची एक खुर्ची पाहिजे होती. हातवाली नको, गादीवाली नको, पहिल्या रांगेतली तर बिलकुलच नको. मागच्या रांगेत, कोपऱ्यात, एका पायानं लंगडी असली तरी चाललं असतं. पण मंचावर.

बुऱ्हाणपुरात कोणताही कार्यक्रम असो, हारांची खोकी, पेढ्यांची खोकी, बक्षिसांची खोकी गिरधरच्याच दुकानातून यायची. तो ती स्वतः डोक्यावर घेऊन यायचा, मंचावर चढायचा, टेबलावर नीट मांडायचा, आणि मग कोणीतरी म्हणायचं, "चल गिरधर, उतर आता. पाहुणे येऊ राहिले." मंचावर चढायचा अनुभव गावात त्याच्याइतका कोणालाच नव्हता. उतरायचाही.

त्याची बायको कोकिळा दुकानात खोक्यांना खळ लावून चिकटवायची. तिचं म्हणणं वेगळं होतं. "घरात पाट आहे, ओटा आहे, खाट आहे. बुड टेकायला इतक्या जागा असून माणसाला अजून एक कशाला लागते?"

"तुला नाही समजायचं."

"मला समजतं ना. माझ्या रावेरच्या वहिनीला समजत नाही. ती विचारते, भाऊजी मंचावर कधी दिसतात? मी म्हणते, दिसतात ना, खोकी मांडताना. तर हसते."

ही वहिनी गिरधरच्या मनात खुर्चीच्या चौथ्या पायासारखी ठोकलेली होती.

छप्पन साली नवा प्रांत व्हायचं ठरलं आणि गावात एक स्वागत समिती झाली. समितीचे अध्यक्ष शालिग्राम गुरुजी, म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर. रिटायर झाल्यावरही ते समोरच्याला बाकावर उभं करायच्या बेतात असल्यासारखेच बोलायचे. चिटणीस नंदकुमार वकील. दिवाळीनंतर लगेच तापीच्या राजघाटावर मोठा जलसा करायचा, भोपाळहून एक उपमंत्री आणायचे, आणि त्यांच्या हातात गावानं असं काही द्यायचं की ते भोपाळला जाऊन चार जणांना दाखवतील, असं ठरलं. शाल-नारळ इंदूरवालेही देतात. खंडव्यावाले तर देतातच.

गुरुजींनी कोणाच्या तरी घरी एक विलायती कार्ड पाहिलं होतं. ते उघडलं की आतून कागदाचं चर्च उभं राहायचं. गुरुजींनी गिरधरला बोलावलं.

"असं कार्ड पाहिजे की उघडलं की नवा प्रांत उभा राहिला पाहिजे."

"उभा म्हणजे?"

"उभा म्हणजे उभा! सातपुडा वर, तापी खाली, नर्मदा खाली. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ, चारी तुकडे मधोमध येऊन एकमेकांत अडकले पाहिजेत. एकदा अडकले की सुटायला नको."

"आणि विदर्भ?" वकिलांनी विचारलं.

"विदर्भ गेला मुंबईकडे. तो कापायचा."

"कापणं सोपं आहे," गिरधर म्हणाला. "अडकवणंच अवघड असतं."

समितीनं माना डोलावल्या. गिरधर पुठ्ठ्याबद्दल बोलत होता, समिती कशाबद्दल डोलत होती कोण जाणे.

"जमेल का?"

"जमेल." गिरधर थांबला, घसा साफ केला. "फक्त एक खुर्ची."

"कापायला?"

"बसायला. मंचावर."

वकिलांनी चष्मा काढला. "असं आहे गिरधर, मंचावर बसायला काहीतरी पद लागतं. उद्या टांगेवाला म्हणेल, पाहुण्यांना मी आणलं, मलाही बसवा."

"मग द्या ना पद," गिरधर म्हणाला.

समितीनं चहा मागवला. चहा संपेपर्यंत पद निघालं. 'मानचित्र-प्रमुख'. कार्ड नीट उभं राहिलं तर मागच्या रांगेत खुर्ची. नाही राहिलं तर नाही. गिरधर घरी आला तेव्हा त्याची चालही पदाची झालेली होती. कोकिळेनं त्याच दिवशी रावेरला निरोप धाडला.

कामाला लागायच्या आधी डाय बनवावी लागते. सागवानी फळीवर आकृती चिकटवायची, रेघेरेघेनं बारीक करवत चालवायची आणि त्या चिरेत पोलादी पाती उभी ठोकायची. ती फळी प्रेसमध्ये बसवायची, समोर जाड कार्ड धरायचं, पायानं पॅडल दाबायचं. धारवाली पाती कार्ड कापते. बोथट पाती कापत नाही, नुसती दाबाची रेघ उमटवते, आणि त्या रेघेवर कार्ड एकाच बाजूला सुरेख दुमडतं. दुसऱ्या बाजूला दुमडायला गेलं की फाटतं. गिरधरनं सातपुड्यासाठी बोथट पात्या अशा बसवल्या की कार्ड उघडताच दोन्हीकडचे डोंगर टणकन वर यावेत आणि दोन डोंगरांच्या मध्ये जो खोलगट पट्टा उरेल तीच तापी.

समिती मधूनमधून पाहायला यायची.

"बुऱ्हाणपूर इतकंसंच?" वकील म्हणाले.

"शाळेच्या नकाशात आहे तेवढं आहे, वकीलसाहेब."

"अरे पण पाहुणे इथं येऊ राहिले. त्यांना त्यांचं भोपाळ दाखवायचं का आपण?"

मग बुऱ्हाणपूर वाढवलं. पुन्हा आले, पुन्हा वाढवलं. शेवटी आपला तालुका इतका ऐसपैस झाला की जबलपूरला सरकून बसावं लागलं आणि भोपाळला तर नुसतं उभं राहायला जागा उरली. आजूबाजूची गावंही बसली त्यात, नेपानगर, शहापूर, दापोरा. ग्वाल्हेरचं नाव लिहायला जागा नव्हती, ते सोडून दिलं.

इतक्या वाकड्यातिकड्या सीमेला पात्या कमी पडल्या. पोलादी पाती यायची मुंबईहून, आणि मुंबई तेव्हा स्वतःच्याच सीमेच्या भांडणात होती. गिरधरनं पेढ्याच्या खोक्याची डाय मोडली आणि तिच्यातल्या पात्या काढून नव्या प्रांताच्या पूर्व सीमेला लावल्या. दिवाळी तोंडावर होती. कौतिक हलवाई दुकानात येऊन ओरडला, "गिरधर, खोकी कुठं माझी?"

"तुमची खोकी आता छत्तीसगडात आहेत, कौतिकशेठ."

कौतिकशेठला या उत्तरात राष्ट्रकार्य दिसलं नाही.

आणि मग ती चूक झाली.

गिरधरनं जन्मभर खोकी बनवली होती, आणि खोक्याला डावं-उजवं नसतं. चौकोन उलटा कापला तरी चौकोनच निघतो. डाय कार्डावर पालथी पडते, म्हणून डायवर जे डावीकडे असतं ते कार्डावर उजवीकडे उमटतं, हे छापखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. पण खोकेवाल्याला हे शिकायची वेळच येत नाही. गिरधरनं शाळेचा नकाशा जसाच्या तसा, सुलटा, फळीवर चिकटवला होता. वर खोक्याच्या धंद्याचा दुसरा नियम असा की आधी सगळा माल कापून घ्यायचा, मग घड्या घालायला बसायचं. त्यामुळे सगळी कार्डं कापून झाली, पात्या वाकून वाकून जाग्यावर घट्ट बसल्या, आणि मगच कोकिळेनं पहिलं कार्ड उचलून उघडलं.

डोंगर वर आले. चारी तुकडे मधोमध येऊन टकटक अडकले. गिरधरच्या डोळ्यांसमोर खुर्ची आली.

कोकिळा कार्ड हातात घेऊन दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग वळली, मागच्या भिंतीकडे तोंड केलं. "अहो, बुऱ्हाणपूर इकडं कुठं?"

"कुठं?"

"जिकडून सूर्य उगवतो तिकडं."

गिरधरनं कार्ड घेतलं. बुऱ्हाणपूर उजव्या कोपऱ्यात, ओरिसाला टेकून बसलं होतं. बस्तर खांदेशाच्या शेजारी आलं होतं. मोठ्या हौशीनं मोठं केलेलं गाव, त्यामुळे चूकही लांबूनच दिसत होती.

"दुसरी डाय करा," कोकिळा म्हणाली.

"पात्या कुठून आणू? एकदा वाकवलेली पाती सरळ केली की तुटते."

"मग खुर्चीचं काय?"

गिरधरनं प्रेसच्या चाकाला तेल घातलं. चाकाला तेलाची गरज नव्हती.

समिती दुकानात जमली. प्रत्येकानं कार्ड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि बुऱ्हाणपूर दर वेळी तिकडेच निघालं.

"म्हणजे आता आपण उडिया शिकायचं का?" गुरुजी म्हणाले.

वकिलांना मात्र कोर्टात हरत आलेली केस पलटवायची सवय होती. त्यांनी कार्ड घेतलं आणि पलटवलं. मागची बाजू पुढे आली. बुऱ्हाणपूर सर्रकन डाव्या कोपऱ्यात, आपल्या जागी येऊन बसलं. "हे घ्या! कागदाला दोन बाजू असतात, गुरुजी."

सगळ्यांनी वाहवा केली. ती संपेपर्यंत कार्ड पुरतं उघडलं होतं. सातपुडा दोन्हीकडून खाली गेला होता. जिथं डोंगर होते तिथं दोन मोठे खड्डे पडले होते, आणि खड्ड्यांच्या मधोमध तापी भिंतीसारखी उभी राहिली होती.

"ही तापी?" गुरुजींनी विचारलं.

"हो," गिरधर म्हणाला.

"वर कशी?"

"डोंगर खाली गेले म्हणून."

त्यानंतर जी चर्चा झाली ती समितीच्या इतिहासात सगळ्यात लांबली. एक पक्ष म्हणाला, डोंगर-नद्या देवानं केल्या, त्या सुलट पाहिजेत, गाव काय कुठंही असलं तरी आपलंच. दुसरा पक्ष म्हणाला, पाहुणे डोंगर मोजायला येत नाहीत, गाव जाग्यावर पाहिजे. मुद्दा पटवायला प्रत्येकानं एकेक कार्ड दोन्हीकडून दुमडून दाखवलं आणि ती कार्डं फाटली. कौतिक हलवाई टपूनच बसला होता, तो त्यांचा गठ्ठा घेऊन गेला. त्या दिवाळीत अर्ध्या गावानं पेढे उलट्या प्रांतात बांधून घरी नेले. पेढ्याचं तूप विंध्य प्रदेशातून गळत होतं अशी तक्रार आली, पण समितीनं ती आपल्या कक्षेबाहेर ठरवली.

शेवटी मत घेतलं. गाव जिंकलं, सातपुडा हरला.

"कार्ड उभं तर राहिलं ना," गिरधरनं हळूच विचारलं. "काहीतरी उभं राहिलं. ठरलं होतं तसं."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, तापीकडे पाहिलं. "ठीक आहे. बसशील."

रंगवायला कार्डं मुलींच्या शाळेत गेली. शाळेच्या निर्मलाबाई फार शिस्तीच्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की कार्ड पलटवलेलं आहे. त्यांनी कार्ड पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं: उंच भाग तपकिरी, सखल भाग निळा, कारण पाणी सखल भागात साचतं. मुलींनी तापी तपकिरी रंगवली. दोन्ही खड्डे गडद निळे केले. निळ्यात जी गावं येत होती त्यांची नावं पांढऱ्या खडूनं लिहिली, म्हणजे उठून दिसावीत. अक्षरं इतकी छान आली की समितीनं शाळेला शाबासकी दिली. कार्ड नीट पाहायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही, पाहून पाहून सगळे कंटाळले होते.

जलशाच्या दिवशी राजघाटावर मंडप उभा राहिला. मागे तापी, खरी, आपल्या नेहमीच्या जागी, खाली. गिरधरनं लग्नातला कोट घातला. रावेरची वहिनी आदल्या दिवशीच आली होती आणि बायकांच्या बाजूला कोकिळेशेजारी बसली होती. "कोणती हो खुर्ची भाऊजींची?" ती विचारत होती. कोकिळा बोटानं दाखवत होती, "ती. मागची. कोपऱ्यातली."

पाहुणे आले. त्यांच्याबरोबर एक चामड्याची पेटी आली. चपराशानं ती आणून मागच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवली.

गिरधर मंचावर चढला, पेटीजवळ गेला आणि वकिलांकडे पाहिलं.

"सरकारी पेटी आहे," वकील कानाशी म्हणाले. "जमिनीवर ठेवता येत नाही."

"मग मी?"

"तू पडद्यामागे थांब. तू काय, घरचा माणूस."

गिरधर पडद्यामागे गेला. पडद्याला एक भोक होतं, त्यातून त्याला आपली खुर्ची दिसत होती. पेटी ताठ बसली होती. पाय हलवत नव्हती, जांभई देत नव्हती. पद भूषवावं तर असं.

खाली बायकांमध्ये वहिनी म्हणाली, "भाऊजी जाड झाले का चामड्याचे झाले?" कोकिळेनं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती ते शेजारच्या बाईला समजलं नाही.

गुरुजींचं भाषण झालं. गुरुजींनी "उघडा!" म्हणून हुकूम सोडला आणि मैदानात बसलेल्या सगळ्या मुलींनी एकदम कार्डं उघडली. फर्रकन आवाज झाला. पाहुण्यांनीही आपलं उघडलं. ते बघत राहिले.

"ये क्या है?"

"नया प्रदेश, साहब," गुरुजी म्हणाले. "और ये हमारा बुरहानपुर."

"बहुत बड़ा है."

"जी."

"वो तो ठीक है. पर ये बीच में दीवार कैसी? और दोनों तरफ पानी ही पानी?"

गुरुजींनी तेव्हा पहिल्यांदा रंगवलेलं कार्ड नीट पाहिलं. आयुष्यभर त्यांनी पोरांना शिकवलं होतं की चुकलं तर चुकलं म्हणावं. पण ते पोरांना. "वो साहब..." ते म्हणाले. "वो भविष्य है."

"बांध?" पाहुण्यांचे डोळे चमकले.

"जी," गुरुजी म्हणाले. एवढंच.

पाहुण्यांना दिवसभर हीच अडचण होती. भाषण तयार होतं, पण त्यात या गावाचं म्हणून काही नव्हतं. खंडव्यात जे बोलले तेच इथं बोलायचं होतं. आता त्यांना मुद्दा मिळाला. ते उठले, कार्ड उंच धरलं आणि म्हणाले की या गावच्या लोकांची दूरदृष्टी पाहून ते भारावून गेले आहेत, गावानंच तापीवर एवढं मोठं धरण मागितलं आहे, आणि आता ते भोपाळला जाऊन स्वस्थ बसणार नाहीत. टाळ्या पडल्या. वकिलांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. गावाला न मागता काहीतरी मिळत होतं.

टाळ्या संपल्या तरी एका कोपऱ्यात कोणी वाजवल्याच नव्हत्या. तिथं दापोऱ्याचे लोक बसले होते. त्यांचा पुढारी लीलाधर पाटील पाहुण्यांना द्यायला केळीचा एक टोलेजंग घड घेऊन आला होता. त्यानं घड खाली ठेवला आणि समोरच्या मुलीच्या हातातलं कार्ड घेतलं.

"पोरी, हे काय लिहिलं? वाच मले."

"दापोरा," मुलगी म्हणाली.

"आन् हे निळं?"

"पाणी."

"आमचं दापोरं पान्यात कसं?"

"बाई म्हणाल्या, खड्डा असेल तिथं पाणी रंगवायचं."

"आन् खड्डा कोनी केला?"

मुलीनं मंचाकडे बोट दाखवलं. मंच म्हणजे काय, मंचावर सगळंच सरकार बसलेलं.

लीलाधर उभा राहिला. त्याच्यामागे दापोरा उभा राहिला. "ओ सायेब!" तो ओरडला. "आमच्या केळी बुडवू राहिले का तुम्ही? आम्हाले इचारलं का कोनी?"

"क्या कह रहे हैं?" पाहुण्यांनी विचारलं.

"आभार मान रहे हैं," वकील म्हणाले.

आभार मानणारे लोक मंचाच्या पायऱ्या चढू लागले तेव्हा पाहुण्यांना मराठी आपोआप समजायला लागली. घड्याळ बघून ते उठले. चपराशानं पेटी उचलली. मोटारीचा आवाज आला, धूळ उडाली, आणि नवा प्रांत भोपाळच्या दिशेनं निघून गेला. समितीतले एकेक जण मंचाच्या मागच्या शिडीनं उतरत होते. गुरुजी शेवटचे. उतरता उतरता त्यांना पडद्यामागे गिरधर दिसला. त्यांनी त्याचा कोट धरला, ओढत पुढे आणला आणि मधल्या, गादीवाल्या, हातवाल्या खुर्चीवर दाबून बसवला.

"हे आहेत मानचित्र-प्रमुख!" त्यांनी दापोऱ्याला सांगितलं. "कार्ड यांनीच केलं. काय विचारायचं ते यांना विचारा." आणि घाटाच्या पायऱ्यांनी नदीकडे गेले. त्या वयात इतक्या वेगानं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

गिरधर बसला होता. मंचावर, पहिल्या रांगेत, मधोमध. चारी बाजूंना रिकाम्या खुर्च्या, समोर पूर्ण दापोरा. खाली कोकिळा उभी राहून बघत होती. वहिनीनं तोंड उघडं टाकलं होतं.

"सायेब," लीलाधर म्हणाला. हात जोडलेले, पण डोळे लाल. "आमचं गाव कधी बुडवनार ते सांगून टाका. म्हंजे या साली लागवड करा का नको, ते आम्हाले समजीन."

गिरधरला आजवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यानं खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. मऊ गादी होती. एक शब्द बोलला असता, "चौकशी करतो" एवढंच, तर दापोरा त्याला नमस्कार करून घरी गेला असता, आणि वहिनीनं हे सगळं रावेरला जाऊन सांगितलं असतं. साहेब लोक असंच तर बोलतात. त्यानं तोंड उघडलं.

"लीलाधरभाऊ," तो म्हणाला, "मी साहेब नाही. मी खोकेवाला गिरधर. तुमच्या पोरीच्या लग्नात लाडवांची खोकी माझीच होती."

लीलाधरनं डोळे बारीक केले. "कोटामुळे वळखलं नाही रे तुले. मंग हे धरन?"

"धरण-बिरण काही नाही. माझी चूक झाली. डाय उलटी पडली."

"म्हंजे कसं?"

गिरधरनं सांगून पाहिलं. फळी, पाती, डावं, उजवं. दापोऱ्याच्या चेहऱ्यांवर काही उमटलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "शिकवून ठेवलेला आहे हा. सरकारनं बसवला."

"अहो, बोलता काय नुसते! दाखवा की!" खालून कोकिळा ओरडली.

गिरधरनं लीलाधरच्या हातातलं कार्ड घेतलं, मिटलं, पलटवलं आणि उघडलं. सातपुडा दोन्हीकडून टणकन वर आला. तापी दोन्ही डोंगरांच्या मध्ये खाली जाऊन बसली. या बाजूला रंग नव्हता, निळं काही नव्हतं, नुसता पांढरा कोरा पुठ्ठा. दापोरा कोरडा ठाक होता.

लीलाधरनं कार्ड जवळून पाहिलं. बोटानं डोंगर दाबून पाहिला. तो पुन्हा वर आला.

"हे बराबर आहे," तो म्हणाला. "असंच आहे आमचं गाव."

"पण लीलाधरभाऊ, यात एक गडबड आहे," गिरधर म्हणाला. खरं बोलायला लागल्यावर त्याला आता थांबता येईना. "असं धरलं तर आपण सगळे तिकडं जातो. ओरिसाजवळ."

दापोऱ्यात कुजबुज झाली. लीलाधरनं मागे वळून चार म्हाताऱ्यांशी सल्लामसलत केली.

"तिकडं केळी होतात का?" त्यानं विचारलं.

"होत असतील."

"मंग चालीन. वल्ले होण्यापेक्षा लांब राहू."

दापोऱ्याच्या लोकांनी मैदानातल्या मुलींकडून कार्डं मागून घेतली, सगळी पलटवली, आणि बैलगाड्या जोडल्या. केळीचा घड लीलाधरनं गिरधरच्या मांडीवर ठेवला. द्यायला आणला होता, परत काय न्यायचा. पुढे कितीतरी दिवस दापोऱ्यात दारादारावर तो कोरा प्रांत खिळ्यानं ठोकलेला होता, आणि बाहेरून आलेल्या माणसाला आधी तो दाखवून सांगत, सरकारचा खरा नकाशा हाच आहे, निळावाला खोटा.

मैदान रिकामं झालं. वहिनीला रावेरची गाडी पकडायची होती, ती गेली. जाताना काही बोलली नाही, त्यामुळे रावेरला काय पोचलं ते कोणालाच कधी कळलं नाही.

कोकिळा मंचावर चढली. आयुष्यात पहिल्यांदाच चढली, म्हणून पायऱ्या बघून बघून. तिनं आधी गिरधरकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या घडाकडे, मग शेजारच्या खुर्चीकडे. ती गुरुजींची होती. तिनं पदरानं खुर्ची पुसली आणि बसली. घडातलं एक केळं तोडून त्याला दिलं, एक स्वतः घेतलं.

"खुर्चीला ढेकूण आहेत," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"माझ्या खुर्चीला नाहीत," गिरधर म्हणाला.

दगा नावाचा मंडपवाला खुर्च्या गोळा करत त्यांच्यापर्यंत आला. सगळ्या खुर्च्या गाडीवर चढल्या होत्या, या दोनच राहिल्या होत्या. "उठा ना भाऊ. बहाद्दरपूरला कीर्तन आहे, बैल खोळंबले माझे."

"बैलांना केळं देऊ का एकेक?" कोकिळेनं विचारलं.

दगानं विचार केला. "द्या," तो म्हणाला, आणि मंचाच्या पायरीवर बसून स्वतःही एक सोलायला लागला.